शिवारातली जुनी पांढर नकाशावरून कशी ओळखावी

गावाबाहेर काळ्या रानाच्या मधोमध एखादा तुकडा उंच आणि राखाडी-पांढरा दिसतो. लोक त्याला पांढर म्हणतात. पिकाची जमीन ती काळी आणि वस्तीची ती पांढरी, ही जोडी आपल्या भाषेत फार जुनी आहे. माणसं पिढ्यान् पिढ्या एकाच जागी राहिली, मातीच्या भिंती पडल्या, त्यांच्यावरच नव्या उभ्या राहिल्या, चुलीची राख आणि चुना साचत गेला. त्यामुळे जमीन उंचही झाली आणि पांढरीही. घोड नदीकाठचं इनामगाव आणि प्रवरेकाठचं दायमाबाद ही ताम्रपाषाणयुगातली, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबत वापरली जात त्या काळातली गावं अशाच टेकाडांखाली सापडली. इनामगावला तर पुराचं पाणी वळवण्यासाठी घातलेला बांध आणि चारीसुद्धा मिळाली.

पांढरीखेरीज आणखी तीन गोष्टी शोधण्यासारख्या आहेत: मातीची गढी (म्हणजे गावच्या वतनदाराचा तटबंदीचा वाडा), तट आणि खंदक, आणि फुटलेल्या तलावाची पाळ. या सगळ्यांचा माग घरी बसून बराचसा काढता येतो. त्याचा क्रम पुढे देतो.

आधी गावनकाशा

बहुतेक जण थेट उपग्रहचित्र उघडतात. माझ्या मते सुरुवात गावनकाशापासून करावी. तो महाभूनकाशा या सरकारी संकेतस्थळावर पाहता येतो, नाहीतर भूमी अभिलेख कार्यालयातून नक्कल मिळते. जुना सर्व्हे नंबरांचा नकाशा मिळाला तर फारच उत्तम, कारण गटवारीत, म्हणजे शेतांचे तुकडे जोडून गट पाडताना, अनेक जुन्या हद्दी पुसल्या गेल्या आहेत.

नकाशावर गावठाण सोडून बाकीच्या रेषा निरखा. शेतांच्या हद्दी साधारण सरळ असतात, मग एखादी हद्द विनाकारण गोल का वळते? आत उंचवटा असेल तर नांगर त्याला वळसा घालतो, बांधही तसाच पडतो, आणि मोजणीदाराने तो बांध जसाच्या तसा कागदावर उतरवलेला असतो. पुढे टेकाड सपाट झालं तरी ती गोलाई राहते.

पांदण रस्ते बोटाने गिरवून बघा. तीन-चार पांदणी चहूबाजूंनी येऊन रिकाम्या शेतात मिळत असतील, तर तिथे कधीतरी गाव होतं असा दाट संशय घ्यावा. महसुली दप्तरात अशा ओसाड गावाला ‘बेचिराग’ म्हणतात, म्हणजे जिथे दिवा लागत नाही ते. विदर्भात ‘रिठी’ हा शब्द ऐकू येतो. गाव उठून गेलं तरी मारुती बहुधा जागेवरच राहतो, म्हणून भर शेतातलं एकटं देऊळ ही मोठी खूण आहे.

खंदक बुजला तरी त्याची लांब, अरुंद, बाकदार पट्टी वेगळा नंबर म्हणून उरते. तलावाची पाळ ओळखण्याची युक्ती अशी: नाल्याला काटकोनात छेदणारी एक लांब हद्द, वरच्या अंगाला मोठे सपाट तुकडे, खालच्या अंगाला लहान तुकड्यांची गर्दी, आणि नाला त्या हद्दीतून एकाच जागी पार होतो. ती जागा म्हणजे पाळ फुटल्याचं भगदाड. भंडारा-गोंदियाकडे, जिथे कोहळी समाजाने बांधलेले तलाव आणि बोड्या (लहान तळी) गावोगाव आहेत, तिथे ही नजर लवकर बसते.

मग भारतीय सर्वेक्षण विभागाचा नकाशा

1:50,000 प्रमाणाचा, म्हणजे 2 सेंटिमीटरला 1 किलोमीटर. यात एक फसगत आहे. समोच्च रेषांमधलं, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांमधलं उंचीचं अंतर साधारण 20 मीटर असतं, त्यामुळे पाच-सहा मीटरची पांढर दोन रेषांच्या मधेच हरवते. म्हणून रेषांपेक्षा खुणा वाचा. आकड्यानंतर इंग्रजी ‘आर’ अक्षर असेल, तर ती भोवतालच्या जमिनीपासूनची उंची असते. तलावांच्या पाळीजवळ असे आकडे नेहमी दिसतात. ओसाड गाव, किल्ला आणि प्राचीन अवशेष यांना स्वतंत्र चिन्हं आहेत. ती नकाशाच्या समासात दिलेली असतात.

उपग्रहचित्र कोणत्या महिन्याचं?

गूगल अर्थवर जुन्या तारखांची चित्रं पाहण्याची सोय आहे. एप्रिल-मे मधलं चित्र निवडा. रानं नांगरून मोकळी असतात, तेव्हा काळ्या मातीत पांढरीचा डाग स्पष्ट उठतो. गढी चौकोनी दिसते आणि तिच्या कोपऱ्यांवर बुरुजांचे गोल फुगवटे असतात. पांढर बहुधा नदी-ओढ्याच्या काठी आणि आकाराने लांबट गोल.

मातीचा तट कसा दिसतो हे डोळ्यांत बसवायचं असेल, तर भंडारा जिल्ह्यातलं पवनी पाहा. एका अंगाला वैनगंगा, आणि गावाभोवती मातीचा प्रचंड तट व खंदक. तिथल्या जगन्नाथ टेकडीवर 1969-70 साली उत्खनन झालं आणि बौद्ध स्तूप उजेडात आला. नागपूर जिल्ह्यातल्या अडमलाही असाच मातीचा तट आणि खंदक आहे. ही दोन ठिकाणं अर्धा तास निरखली की आपल्या शिवाराकडे पाहण्याची नजर बदलते.

नव्या मातीला जुनी समजू नका

इथेच सर्वाधिक चुका होतात. 1972 च्या दुष्काळात आणि त्यानंतर रोजगार हमीवर असंख्य पाझर तलाव, नालाबांध झाले. शिवाय कालव्याचा भराव, विहिरीच्या मुरुमाचा ढीग, वीटभट्टीची राख. जुना एक इंच-एक मैल प्रमाणाचा नकाशा मिळाला तर त्यात तो बांध आहे का, ते पाहा. नव्या नकाशात आहे आणि जुन्यात नाही, तर तो बहुधा अलीकडचा. फक्त लहानसा उंचवटा जुन्या नकाशात नसला म्हणून लगेच बाद करू नका. मोजणी करणाऱ्यांनी प्रत्येक टेकाड नोंदवलेलं नाही.

शेवटी प्रत्यक्ष जागेवर

शेतमालकाला विचारून जा, आणि एखाद्या जाणत्या आजोबांना सोबत घ्या. वावराचं नाव विचारा. ‘जुनं गाव’, ‘गढीचा पट्टा’, ‘खंदकाचं शेत’, ‘तळ्याचं वावर’ अशी नावं कागदापेक्षा जास्त सांगतात. नांगरटीत वर आलेली खापरं, फूटभराहून लांब विटांचे तुकडे आणि राखेचे थर दिसतात का, ते पाहा. नैसर्गिक टेकाडावर मुरूम किंवा खडक लागतो, खापरं लागत नाहीत.

काहीही उचलू नका, उकरू तर मुळीच नका. गुप्तधनाच्या नादात कितीतरी गढ्या पोखरल्या गेल्या आणि खत म्हणून पांढरीची माती गाड्या भरभरून वाहून नेली गेली, याचं फार वाईट वाटतं. एकदा थर विस्कटले की त्यांचा क्रम कुणालाच परत लावता येत नाही. जमिनीत मौल्यवान काही सापडलंच, तर 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवणं बंधनकारक आहे.

फोटो काढताना बाजूला मोजपट्टी ठेवा. अक्षांश-रेखांश, गट नंबर, वावराचं नाव, अंदाजे लांबी-रुंदी आणि उंची एकाच कागदावर लिहा. त्याची एक प्रत राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाला, एक ग्रामपंचायतीला द्या. मोबाइलमधल्या उंचीच्या आकड्यावर मात्र विसंबू नका. टेकाडाच्या पायथ्याशी एक माणूस उभा करून त्याच्या उंचीशी तुलना केली, तर अंदाज जास्त खरा येतो.