जुना इराणी वाफूर: ओळख आणि निगा

बडोद्यातल्या जुन्या वाड्यांच्या सामानात किंवा मांडवीकडच्या दुकानात कधी चिनीमातीचा गोळा बसवलेली लाकडी नळी दिसते. गोळा अगदी टोकाला आणि त्याच्या अंगावर बारीकसं भोक असेल, तर तो इराणी वाफूर, म्हणजे अफू ओढायची नळी. चिनी नळीत भांडं टोकापासून आत, नळीच्या अंगावर बसवलेलं असतं आणि अफू दिव्यावर तापवतात. इराणी पद्धतीत चिमट्यात धरलेला निखारा भोकाजवळ नेतात.

हाती घेताना दोन हातांनी घ्या, एक हात गोळ्याखाली. खरा नाजूक भाग सांधा: गोळ्याच्या मानेत नळी बसते, वर बहुतेकदा चांदीची किंवा पितळेची कडी. गोळा पिळून काढायला जाऊ नका. जुना थर चिकटलेला असतो आणि मान तडकते. विजेरी तिरकी धरून भोकाभोवती केसासारखी भेग शोधा.

वाफूर पाण्यात बुडवू नका. लाकूड फुगतं आणि सुकताना उभं चिरतं. लाकडाला कोरडा मऊ ब्रश, मग मेणाचा अगदी पातळ हात. गोळा बाहेरून ओलसर कापसाने पुसा. चांदीला चिंच लावू नका, खडूची बारीक पूड पुरे. आतला काळा थर खरवडू नका. त्यात अफूचा अंश असू शकतो, तेव्हा हातमोजे घाला.

बडोद्याच्या पावसाळ्यात सुती कापडात गुंडाळून, सिलिका जेलच्या पुड्यांसह आडवा ठेवा. वस्तू 100 वर्षांहून जुनी असेल, तर 1972 च्या पुरावस्तू कायद्याने ती परदेशी नेता येत नाही.