जानेवारीतच चॅम्पियन जाहीर करताय? या चुका टाळा

सकाळी सहाची वेळ, अंगावर शाल, हातात चहा आणि मोबाइलवर एनबीए, म्हणजे अमेरिकेतली बास्केटबॉल लीग. थंडीत अशा मॅच बघणाऱ्याच्या हातून एक पाप हमखास घडतं: नाश्ता व्हायच्या आत तो यंदाचा विजेता ठरवून मोकळा होतो. मीही केलंय. २०१५ च्या जानेवारीत अटलांटा हॉक्स १७ पैकी १७ मॅच जिंकले. लीगचे पूर्व आणि पश्चिम असे दोन गट, दोन्हींचे विजेते फायनल खेळतात. मी ग्रुपवर टाकलं, "पूर्वेतून हॉक्सच. लिहून ठेवा." मित्रांनी खरंच लिहून ठेवलं. तो स्क्रीनशॉट दर जानेवारीला न चुकता येतो.

टेबल बघून निकाल लावणं

हॉक्सच्या प्रेमात पडायला कारणं होती. एकही मोठा हिरो नाही, चेंडू सारखा फिरता, जो मोकळा तो मारणार. त्या महिन्याचा पूर्वेतला सर्वोत्तम खेळाडू म्हणून एकाला न निवडता सुरुवातीच्या पाचही जणांना मिळून मान दिला गेला. चौघं ऑल-स्टारला, म्हणजे निवडक खेळाडूंच्या मॅचला, गेले.

त्याच वेळी क्लीव्हलँडचं काय चाललं होतं? लीगचा बडा स्टार लेब्रॉन जेम्स घरी, म्हणजे या त्याच्या जुन्या टीमकडे, परतलेला, गाजावाजा जोरात, आणि हिशेब १९ विजय, २० पराभव. लोक हसत होते. मीही हसत होतो. पण त्या आकड्यात दोन गोष्टी लपल्या होत्या. लेब्रॉन दुखापतीमुळे साधारण दोन आठवडे बाहेर होता. आणि जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात टीमने जे. आर. स्मिथ, इमान शम्पर्ट आणि टिमोफे मोझगोव्ह आणले होते. म्हणजे ज्यांच्यावर आम्ही हसत होतो ती टीम तोवर उरलीच नव्हती, टेबलात फक्त तिचं नाव होतं. पुढच्या ४३ पैकी ३४ मॅच त्यांनी जिंकल्या. मे महिन्यात पूर्वेच्या फायनलमध्ये समोर आले ते ६० विजयांचे माझे हॉक्स. सातपैकी चार मॅच आधी जिंकेल तो पुढे, अशी ही मालिका. निकाल ४-०, क्लीव्हलँडच्या बाजूने.

म्हणून आता टेबलात वरचा क्रमांक दिसला की मी एकच प्रश्न विचारतो: ही टीम ज्या कारणाने जिंकतेय ते कारण मे महिन्यात शिल्लक राहील का? हॉक्सचं नाही राहिलं. एप्रिलमध्ये थाबो सेफोलोशाचा पाय मोडला, त्या मालिकेच्या दुसऱ्या मॅचमध्ये काइल कॉर्व्हर जायबंदी झाला. आणि डिफेन्स आवळला गेल्यावर एकट्याच्या हिमतीवर बास्केट काढणारा माणूस त्यांच्याकडे मुळातच नव्हता. हे जानेवारीतही दिसत होतं. बघायचं नव्हतं एवढंच.

विजय मोजणं, फरक न मोजणं

दोन गुणांनी जिंकलेली आणि वीस गुणांनी जिंकलेली मॅच टेबलात सारखीच दिसते. निसटते विजय बऱ्याचदा नशिबाचे असतात. शेवटचा थ्री (लांबून मारलेला तीन गुणांचा शॉट) रिंगला लागून आत गेला की बाहेर, एवढ्यावर सगळं. त्यामुळे सरासरी गुणफरक बघा. २०२४-२५ मध्ये ओक्लाहोमा सिटीने मॅचमागे जवळपास १३ गुणांचा फरक राखला, लीगच्या इतिहासातला सर्वात मोठा. ६८ विजय आणि शेवटी विजेतेपद.

ही फूटपट्टीही रामबाण नाही. त्याच मोसमात इंडियाना पेसर्सची सुरुवात १० विजय, १५ पराभव अशी होती आणि तेच पेसर्स फायनलची सातवी मॅच खेळले. (२०१९ च्या ऑक्टोबरात वरळीच्या डोममध्ये खेळून गेल्यापासून ते मला उगाच आपले वाटतात. तेव्हा मी जरा पक्षपाती आहे, हे धरून चाला.)

घरच्या मॅच न मोजणं

८२ मॅच, त्यातल्या ४१ घरी. पण अर्ध्या मोसमापर्यंत हे वाटप समान झालेलं नसतं. तुमची लाडकी टीम २४ मॅच घरच्या मैदानावर खेळून वर बसली असेल, तर फेब्रुवारी-मार्चमध्ये विमानप्रवास आणि लागोपाठच्या रात्रींच्या मॅच तिची वाट बघतायत. कॅलेंडर उघडा, पाच मिनिटांचं काम आहे.

ट्रेडचा निकाल आठवड्यात लावणं

फेब्रुवारीत ट्रेडची, म्हणजे टीम्समधल्या खेळाडूंच्या अदलाबदलीची, मुदत संपते आणि आपण लगेच परीक्षकाच्या खुर्चीत. यावर माझं औषध एकच, ह्यूस्टन रॉकेट्स, १९९५. गतविजेते होते, ३० विजय आणि १७ पराभवांवर उभे होते. १४ फेब्रुवारीला त्यांनी ओटिस थॉर्पसारखा दणकट रिबाउंडर (हुकलेले शॉट झेलणारा) देऊन क्लाइड ड्रेक्सलर घेतला, टीमचा हिरो हकीम ओलाजुवानचा कॉलेजातला जोडीदार. त्यानंतरचा हिशेब? १७ विजय, १८ पराभव. पश्चिमेत सहावा क्रमांक. मार्चमध्ये कुणीही म्हटलं असतं, पायावर धोंडा पाडून घेतला. मग प्लेऑफ्समध्ये, म्हणजे मोसमानंतरच्या बाद फेऱ्यांत, त्यांनी ६० विजयांचं यूटा, ५९ चं फीनिक्स (तेही १-३ अशा पिछाडीवरून) आणि ६२ चं सॅन अँटोनियो गारद केलं, फायनलमध्ये ऑरलँडोला ४-० ने झोपवलं. नव्या माणसाला मुरायला वेळ लागतो, लोणच्यासारखा.

फक्त हायलाइट्सवर मत बनवणं

ऑफिसला जाताना लोकलमध्ये दहा मिनिटांचे हायलाइट्स बघून होतात, मान्य. पण त्यात डिफेन्स जवळजवळ नसतोच. आठवड्यातून एखादीच मॅच बघायला जमणार असेल तर चुरशीच्या मॅचची शेवटची पाच मिनिटं पूर्ण बघा. चेंडू कुणाकडे जातो? कोच कुणाला बाकावर बसवतो? प्रतिस्पर्धी पुन्हा पुन्हा कुणाला हेरून पिक अँड रोलमध्ये (एकाने बचावपटूची वाट अडवायची, दुसऱ्याने चेंडू घेऊन निसटायचं, हा डाव) ओढतात? एप्रिलमध्ये खेळणारे आठ-नऊच उरतात, आणि त्यातला एक कच्चा दुवा असला तर समोरचे सात मॅच त्याच्यावरच हल्ला चढवतात.

सातव्या ते दहाव्याला एकाच तागडीत तोलणं

प्ले-इनमध्ये, म्हणजे प्रत्येक गटातून प्लेऑफ्सच्या शेवटच्या दोन जागांसाठीच्या छोट्या फेरीत, सातव्या-आठव्याला दोन संधी मिळतात. नववा-दहावा एकदा हरला की घरी. हा फरक मोठा आहे. २०२३ मध्ये मायामी सातव्या क्रमांकावर होती म्हणून पहिली प्ले-इन मॅच हरूनही वाचली. शिकागोला हरवून आठवी म्हणून आत गेली, ५८ विजयांच्या मिलवॉकीला पाच मॅचमध्ये बाहेर काढलं आणि थेट फायनल गाठली. गंमत म्हणजे मोसमभरात त्यांनी केलेल्या गुणांपेक्षा दिलेले गुण जास्त होते, म्हणजे माझी फूटपट्टीही तिथे मोडली.

आणि त्या पहिल्या प्ले-इन मॅचमध्ये मायामीला हरवलं कुणी होतं? अटलांटा हॉक्सनी. त्या दिवशी मात्र मी ग्रुपवर काहीही लिहिलं नाही.