रोज टू-व्हीलरवर कामाला जाता? या चुका टाळा

पुण्याच्या आसपास चाकण, भोसरी, रांजणगाव, हिंजवडी, हडपसर, इकडे रोज गाडीवर जाणारी माणसं नियम माहीत नसतात म्हणून पडतात असं मला वाटत नाही. लाल सिग्नलला थांबायचं हे सगळ्यांना माहितीये. गडबड होते ती अंतराची. पुढच्या गाडीपासून अंतर नाही, ट्रकपासून नाही, पार्क केलेल्या कारच्या दारापासून नाही, आणि घरून निघतानाच हातात दहा मिनिटं जास्तीची नाहीत. डिफेन्सिव्ह रायडिंग म्हणजे गाडी घाबरत चालवणं नव्हे, समोरचा चुकला तरी आपल्याला सावरायला जागा उरेल अशी चालवणं. खालच्या बहुतेक चुका याच एका गोष्टीच्या आहेत.

पुढच्याला चिकटून चालवणं

साधा हिशोब करून बघा. ताशी ६० ला गाडी एका सेकंदात जवळपास १७ मीटर जाते. आपली पीएमपीएमएलची मोठी बस १२ मीटर लांब असते, म्हणजे पुढे काय झालं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत तुम्ही एका बसच्या लांबीपेक्षा जास्त पुढे गेलेले असता, तेही ब्रेक न लागता. त्यानंतर कोरड्या चांगल्या रस्त्यावर थांबायला अजून २०-२५ मीटर. आता नगर रोडला संध्याकाळी लोक पुढच्या कारच्या मागे किती अंतर ठेवतात ते आठवा.

उपाय म्हणून मीटर मोजत बसू नका, ते चालत्या गाडीवर जमत नाही. पुढची गाडी एखाद्या खांबापाशी पोचली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा (दोन सेकंद होतात), ते म्हणून व्हायच्या आत तुम्ही त्या खांबापाशी पोचलात तर तुम्ही फार जवळ आहात. पावसात तीन-चार सेकंद ठेवा. यावर लगेच सगळे म्हणतात की पुण्यात गॅप ठेवला की दुसरा घुसतो. घुसतोच. घुसू दे, थोडं ॲक्सिलरेटर सोडा आणि परत गॅप करा, असे दहा जण घुसले तरी कंपनीत पोचायला एखाद मिनिटाचा फरक पडेल. आणि गॅपचा अजून एक फायदा आहे ज्याबद्दल कोणी बोलत नाही, खड्डा दिसतो! पुढची कार खड्डा दोन चाकांच्या मधून काढते आणि मागून चिकटून येणारा टू-व्हीलरवाला सरळ त्यात जातो. ड्रेनेजची वर आलेली किंवा खाली गेलेली झाकणं, सिमेंट आणि डांबर जिथं जुळतं तिथली उभी कड, हे सगळं दिसायला पुढे रस्ता मोकळा लागतो.

मागून कोणी चिकटला असेल तर त्याच्याशी स्पर्धा नको, आरशात बघून हळूच डावीकडे होऊन जाऊ द्या.

फक्त मागचा ब्रेक मारणं

ही चूक इतकी पक्की बसलीये की वीस-वीस वर्षं गाडी चालवणारेही करतात. लहानपणी कोणीतरी सांगितलेलं असतं, पुढचा ब्रेक दाबू नकोस, उलटशील. खरं उलटं आहे. ब्रेक लावला की वजन पुढच्या चाकावर येतं, त्यामुळे गाडी थांबवायचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेकच करतो. मागचं चाक हलकं होतं, जोरात दाबलं की लॉक होतं (फिरायचं थांबतं) आणि गाडी शेपूट हलवत घसरते. पुढचा ब्रेक घातक ठरतो तो एकदम झटक्यात आवळल्यावर, किंवा हँडल वळलेलं असताना, किंवा वाळूवर. म्हणून दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा आधी हलका आणि मग वाढवत, गाडी सरळ असताना, नजर लांब. ज्या खड्ड्याकडे किंवा माणसाकडे टक लावून बघाल गाडी तिकडेच जाते, म्हणून जिथं जायचंय त्या मोकळ्या जागेकडे बघा.

१२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना २०१९ पासून एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक मारला तरी चाक लॉक न होऊ देणारी सिस्टीम, सक्तीचं आहे, त्याच्या खालच्यांना निदान सीबीएस असतं, म्हणजे एक ब्रेक दाबला की दोन्ही चाकांना थोडाथोडा लागतो. पण सीबीएस म्हणजे एबीएस नाही, चाक लॉक होऊ शकतं. आणि कमी सीसीच्या कित्येक एबीएसवाल्या गाड्यांत ते फक्त पुढच्याच चाकाला असतं. तुमच्या गाडीला नक्की काय आहे हे आज शोरूमचं पुस्तक काढून बघा, बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

हे वाचून येत नाही. रविवारी सकाळी एखादं रिकामं डांबरी मैदान बघा, हेल्मेट-बूट घालून २० च्या स्पीडला एका खडूच्या रेषेवर ब्रेक सुरू करा आणि कुठे थांबता ते बघा, मग ३०, मग ४०. स्पीड दुप्पट झाला की ब्रेक लागल्यानंतरचं अंतर दुप्पट नाही, चौपट होतं, हे डोळ्यांनी एकदा बघितलं की माणूस आपोआप हळू होतो.

ट्रकच्या डाव्या बाजूने घुसणं

चाकण-तळेगाव रोड, नाशिक हायवेला मोशी ते चाकण, वाघोलीच्या पुढे... जिथं कंटेनर, ट्रेलर, डंपर आणि मिक्सर आहेत तिथं हा मुद्दा बाकी सगळ्यांपेक्षा महत्त्वाचा. मोठी गाडी डावीकडे वळायच्या आधी थोडी उजवीकडे जाते, कारण मागची चाकं पुढच्या चाकांच्या मार्गावरून जात नाहीत, आतून कापत जातात. डावीकडे जागा झालेली दिसते, आपण घुसतो, आणि ती जागा मिटत जाते. ड्रायव्हरला तुम्ही दिसत नसता. त्याच्या आरशात तुम्हाला त्याचं तोंड दिसत नसेल तर तो तुम्हाला बघत नाहीये, एवढं धरून चाला. सिग्नलला ट्रकच्या नाकासमोर अगदी चिकटून थांबू नका, केबिन उंच असते, खालचं दिसत नाही. एकतर स्पष्ट पुढे जा नाहीतर मागेच थांबा. शेजारी-शेजारी चालणं टाळा.

नवले पुलाचं वेगळं सांगायला हवं. कात्रजच्या नवीन बोगद्यापासून खाली नवले पुलापर्यंत लांब उतार आहे, तिथं ब्रेक फेल झालेल्या जड गाड्यांनी मागून ठोकल्याचे अपघात परत परत झालेत. काही ड्रायव्हर डिझेल वाचवायला न्यूट्रलमध्ये उतरतात, मग सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि धरत नाहीत. तुम्ही त्या बाजूला राहत असाल तर शक्य तिथं सर्व्हिस रोड घ्या (राँग साइडने नव्हे, समोरून भरधाव येणाऱ्याला तुम्ही अपेक्षितच नसता). मेन रोडला ट्रॅफिक तुंबलं तर रांगेच्या शेवटी मधोमध थांबू नका, कडेला, फर्स्ट गियरमध्ये, पुढे निसटायला जागा ठेवून आणि आरशात बघत थांबा.

'तो बघेल की'

नाही बघणार. टू-व्हीलर अंगाने छोटी, त्यामुळे कारवाल्याला ती आहे त्यापेक्षा लांब आणि हळू वाटते, शिवाय काचेच्या बाजूच्या खांबाआड अख्खी गाडी लपते. २०१७ पासून नवीन गाड्यांचा दिवा दिवसाही चालू राहतो तो याच्यासाठीच. चौकात शिरताना दोन बोटं ब्रेकवर ठेवा, समोरून उजवीकडे वळणाऱ्या रिक्षाच्या चेहऱ्याकडे नको, पुढच्या चाकाकडे बघा, चाक आधी सांगतं. बस थांबलीये म्हणजे तिच्या पुढून माणूस येणारच असं धरा. कर्वे रोडला, लक्ष्मी रोडला पार्क केलेल्या गाड्यांपासून उघडलेल्या दाराएवढी जागा सोडून चालवा. आणि आरसे! दुमडून ठेवलेले किंवा काढून टाकलेले आरसे बघितले की मला खरंच काळजी वाटते, कारण मागून काय येतंय हे माहीतच नसेल तर खड्डा चुकवायला कुठल्या बाजूला वळणार?

हेल्मेट आहे, पण…

पुण्यात हेल्मेटच्या सक्तीवर वर्षानुवर्षं वाद झाले, त्यात मी जात नाही. कायदा स्पष्ट आहे, चालवणारा आणि मागे बसणारा दोघांनाही, नाहीतर १००० रुपये दंड आणि लायसन्स तीन महिने निलंबित होऊ शकतं. पण हेल्मेट घालूनही होणाऱ्या चुका जास्त दिसतात. पट्टा न लावणं, म्हणजे धडकेत ते डोक्याच्या आधी उडून जातं. फुटपाथवर मिळणारं टोपीसारखं तकलादू हेल्मेट. जाड स्कार्फ बांधून, मागे गाठ मारून त्यावर हेल्मेट चढवणं, त्याने ते वर उचललेलं राहतं आणि पट्टा नीट बसत नाही, मुलींनी पातळ सुती कपडा किंवा बालाक्लाव्हा (डोकं आणि चेहरा झाकणारी पातळ टोपी) वापरून बघा. आयएसआयचा मार्क आणि आयएस ४१५१ लिहिलेलं बघून घ्या. एकदा जोरात आपटलेलं हेल्मेट बाहेरून चांगलं दिसलं तरी आतला थर्माकोलसारखा थर दबलेला असतो, तो परत फुगत नाही, बदलून टाका. रात्री काळी काच नको.

पावसाळ्यात पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, मेट्रोच्या कामापाशी अंथरलेल्या प्लेटा, यावर ब्रेकही नको आणि गाडी वाकवणंही नको, सरळ पार करा. पहिल्या पावसात रस्त्यावरचं ऑइल वर येतं. रेनकोट किंवा सॅकचं कव्हर मागच्या दिव्यावर येत नाहीये ना बघा.

गाडी काहीतरी सांगते, आपण ऐकत नाही

पुढचा ब्रेक दाबल्यावर लिव्हर स्पंजसारखा आत जातो: ब्रेक ऑइल कमी किंवा लाइनमध्ये हवा, त्या दिवशी गाडी काढू नका. ब्रेक मारला की हँडल थरथरतं किंवा खड्ड्यातून गेलं की टकटक आवाज: डिस्क वाकडी किंवा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते बेअरिंग) गेलेला. वळणावर गाडी जड, ढकलल्यासारखी: आधी हवा बघा, टायर थंड असताना. टायरच्या खाचांमधल्या उंचवट्यापर्यंत रबर झिजलं तर टायर संपला, अजून एक पावसाळा काढू म्हणू नका. ब्रेक लाइट लागतो का हे भिंतीपाशी गाडी उलटी लावून रात्री पाच सेकंदात कळतं.

कंपन्यांनी करायच्या चुका… म्हणजे न करायच्या

सेफ्टी वीकला हॉलमध्ये पीपीटी, अपघाताचे भयानक व्हिडिओ, शपथ, चहा-बिस्कीट. याने हात-पाय काही शिकत नाहीत. कंपनीच्या पार्किंगमध्ये कोन लावून शिफ्टनंतर अर्धा तास प्रत्येकाकडून ब्रेकिंग आणि हळू स्पीडला वळण करून घ्या, स्वतःच्या गाडीवर, डबलसीट येणाऱ्यांकडून डबलसीटच, कारण वजन वाढलं की थांबायचं अंतर आणि गाडीचा तोल दोन्ही बदलतं. आळंदी रोडच्या ट्रॅकवर लायसन्ससाठी एकदा आठचा आकडा काढला म्हणजे झालं असं नसतं. एचआरला एक विनंती, लेट मार्कचा विचार करा. दोन मिनिटं उशीर झाला की अर्धा दिवस कापायचा आणि वर सेफ्टीचे पोस्टर लावायचे, हे जमत नाही, माणूस पंचिंगकडे बघत गाडी पळवतो. थर्ड शिफ्ट संपल्यावर घरी जायच्या आधी वीस मिनिटं डोळा लावायला जागा द्या, झोपेच्या तारेत डोळे तीन सेकंद मिटले तर ताशी ६० ला ५० मीटर गेले.

तरीही अपघात झालाच तर: आधी मागून येणारं ट्रॅफिक थांबवा, १०८ किंवा ११२ लावा, पडलेल्याला हाताला धरून उठवू नका, हेल्मेट ओढू नका (श्वास अडकत असेल तर दोघांनी, मान धरून, हळू), पाणी पाजू नका. मदत करणाऱ्याला मोटार वाहन कायद्याच्या १३४-ए कलमाचं संरक्षण आहे, नाव सांगायची सक्ती नाही. आणि पगारातून ईएसआय (कामगार विमा) कापला जात असेल तर कंपनीत लगेच लेखी कळवा, घर ते कामाच्या वाटेवरचा अपघात ईएसआयच्या नियमांखाली कामावरचा अपघात धरला जाऊ शकतो, फक्त वेळ, ठिकाण आणि कारण यांचा कामाशी संबंध दिसायला लागतो, म्हणून त्या दिवशीची शिफ्ट, पंचिंगची नोंद आणि दवाखान्याचा पहिला कागद जपून ठेवा.