एसटीएस अर्जाच्या ऑनलाइन पूर्वतयारी वर्गासाठी संयोजकांनी करायच्या कामांची यादी

आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची) एसटीएस, म्हणजे शॉर्ट टर्म स्टुडंटशिप, ही विद्यार्थी संशोधनवृत्ती १९७९ पासून चालू आहे आणि एमबीबीएस करताना संशोधनाशी पहिली ओळख अनेकांना तिच्यामुळेच होते. मुंबईतील विद्यार्थ्यांसाठी या अर्जाचा ऑनलाइन वर्ग घेणाऱ्यांनी आधी एवढे पक्के करावे, की वर्गात व्याख्यान होणार नाही, प्रत्येकाच्या स्वतःच्या प्रस्तावावर काम होईल. संशोधनपद्धतीवरचे व्हिडिओ मुलांना कुठेही सापडतात. आपला कच्चा मसुदा ओळीओळीने वाचून देणारे माणूस मात्र मिळत नाही. म्हणून एका गटात आठ-दहांहून अधिक विद्यार्थी घेऊ नयेत.

वेळ रात्री साडेआठनंतरची ठेवावी, कारण पोस्टिंग (रुग्णालयातील प्रशिक्षण) आणि लेक्चर आटोपून विरार-कल्याणकडे जाणारी मुले तोवर घरी पोहोचलेली नसतात. झूमच्या विनामूल्य खात्यावर बैठक ४० मिनिटांत बंद पडते, तेव्हा विभागाच्या खात्याची सोय आधी करावी. वर्गात कोणी रुग्णाची माहिती पडद्यावर दाखवणार असेल, तर नाव आणि नोंदणी क्रमांक काढून टाकल्याशिवाय ती दाखवू देऊ नये.

गाईड, म्हणजे अभ्यासाला मार्गदर्शन करणारा अध्यापक, ठरवण्याचे काम अर्जाचे पोर्टल उघडण्याची वाट न पाहता करून घ्यावे. तो आपल्याच महाविद्यालयातील पूर्णवेळ अध्यापक असावा लागतो, आणि ऐन मुदतीच्या आठवड्यात सरांना किंवा मॅडमना गाठणे सोपे नसते. त्यांच्याकडे जाताना विद्यार्थ्याच्या हाती एका पानाचा आराखडा असावा.

खरा वेळ द्यावा तो प्रश्न नेमका करण्यावर. "मुंबईतील मधुमेह" हा विषय झाला, प्रश्न नव्हे, "आमच्या मधुमेह ओपीडीत येणाऱ्या, इन्सुलिन घेणाऱ्या किती रुग्णांना सुई टोचण्याची जागा बदलत राहावी लागते हे ठाऊक आहे?" हा प्रश्न झाला, कारण त्याचे उत्तर मोजता येते. मग त्याचा नमुना-आकार, म्हणजे किती रुग्णांना विचारावे लागेल तो आकडा, विद्यार्थ्याकडून वर्गातच काढून घ्यावा. हे ठाऊक असणाऱ्यांचे अपेक्षित प्रमाण ३० टक्के आणि विश्वासपातळी ९५ टक्के धरली, तर १० टक्के इतकी निरपेक्ष त्रुटी (म्हणजे ३० ऐवजी २० ते ४० पर्यंतचा फरक) चालवून घेतल्यास ८१ रुग्ण पुरतात. त्रुटी ५ टक्क्यांवर आणायची तर ३२३ लागतात. अभ्यासाला मिळतात दोन महिने, तेही वर्ग आणि पोस्टिंग सांभाळून. तेव्हा त्या ओपीडीत आठवड्याला असे किती रुग्ण येतात, हे तिथल्या रजिस्टरवरून पाहून यायला सांगावे आणि मगच आकडा कायम करावा. माझ्या मते ही एक आकडेमोड विद्यार्थ्याला जितके शिकवते तितके दहा स्लाइड शिकवत नाहीत.

संस्थेच्या एथिक्स कमिटीची (संशोधनाची नैतिक बाजू तपासणाऱ्या समितीची) पुढची बैठक कधी आहे आणि कागद किती दिवस आधी द्यावे लागतात, हे विद्यार्थ्याने स्वतः कार्यालयात जाऊन विचारावे, कारण मान्यता हाती आल्याशिवाय एकाही रुग्णाची माहिती गोळा करता येत नाही. संमतिपत्र मराठी आणि हिंदीतही लागेल. "तुम्ही नकार दिलात तरी तुमच्या उपचारांत काहीही फरक पडणार नाही" हे वाक्य त्यात ठळक असावे, आणि सगळे पत्र विद्यार्थ्याकडून मोठ्याने वाचून घ्यावे. जिथे तो अडखळेल तिथे रुग्णही अडखळणार, तेवढा भाग सोपा करून घ्यावा.

संदर्भ झोटेरोमध्ये, म्हणजे संदर्भ नीट लावून ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, ठेवायला शिकवावे. शब्दमर्यादा, फाइलचा आकार आणि पात्रता मात्र त्या वर्षीच्या सूचनांतूनच पाहावी, सीनिअरच्या जुन्या पीडीएफवरून नव्हे. अभ्यास पूर्ण होऊन अहवाल मान्य झाल्यावरच वृत्तीची रक्कम आणि प्रमाणपत्र मिळते, हेही पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगावे.

निवड न झालेल्यांसाठी निकालानंतरचा एक वर्ग वेळापत्रकात आत्ताच घालून ठेवावा. त्यांच्याकडे गाईड, प्रश्न आणि बहुधा एथिक्सची मान्यता तयार असते. वृत्तीशिवायही तो अभ्यास गाईडच्या संमतीने पुढे कसा न्यायचा, हे त्या तासात ठरवता येते.