एक घरफोडी, फिर्यादीपासून तुरुंगापर्यंत: फौजदारी कायद्याचा अभ्यास असा करा

फौजदार किंवा तुरुंगाधिकारी व्हायचं म्हणून फौजदारी कायदा हाती घेणारे बरेच जण कलमांची यादी पाठ करत बसतात. महिन्याभरात सगळी कलमं एकमेकांत मिसळतात. त्यापेक्षा एकच गुन्हा घ्या, उदाहरणार्थ रात्रीची घरफोडी, आणि तो वहीत टप्प्याटप्प्याने पुढे न्या.

सगळ्यात आधी गुन्ह्याची तारीख लिहा. १ जुलै २०२४ पूर्वीची घरफोडी भादंविच्या (जुन्या भारतीय दंड संहितेच्या) कलम ४५७, ३८० खाली. त्या दिवसापासून तिच्या जागी आलेल्या भारतीय न्याय संहितेचं ३३१(४) आणि ३०५. गुन्हा जूनमधला आणि फिर्याद जुलैमधली असेल, तर कलमं भादंविची, पण तपास भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे (तपास-अटकेच्या कार्यपद्धतीचा नवा कायदा). सर्वांत जास्त गोंधळ इथेच होतो, म्हणून अशी दोन-तीन उदाहरणं स्वतः रचून सोडवा.

पुढची पानं नागरिक सुरक्षा संहितेची. फिर्याद कलम १७३ खाली, प्रत फिर्यादीला मोफत. झडती-जप्तीचं चित्रीकरण १०५. अटकेला एक पान पूर्ण द्या: कारणं सांगणं ४७, नातेवाइकांना कळवणं ४८, वैद्यकीय तपासणी ५३, चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यासमोर ५८. प्रत्येक कलमापुढे 'हे राहिलं तर काय होईल' हेही लिहा. तेवढ्यानेच ते डोक्यात राहतं.

आरोपीने पोलिसांपुढे दिलेली कबुली पुराव्यात चालत नाही. पण त्याच्या सांगण्यावरून दागिने सापडले, तर त्या शोधाशी थेट जोडलेला भाग चालतो. हे भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या (पुराव्याच्या नव्या कायद्याच्या) कलम २३ मध्ये आहे (जुन्या पुरावा कायद्यात २५ ते २७). निवेदन पंचनामा (आरोपीच्या सांगण्यावरून वस्तू काढून दिल्याची पंचांसमोरची नोंद) नीट कळायला हे कलम मूळ शब्दांत वाचाच.

मग कोठडी. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १८७ नुसार पोलीस कोठडी एकूण १५ दिवस, पण आता ती तुकड्यांत, पहिल्या ४० किंवा ६० दिवसांत मिळू शकते. आरोपपत्राची मुदत गुन्ह्याच्या गंभीरतेनुसार ६० किंवा ९० दिवस. ती चुकली तर जामीन हा आरोपीचा हक्क.

बहुतेकांचा अभ्यास इथे थांबतो, आणि कारागृहाकडे जाणाऱ्यांचं नुकसान होतं. कच्च्या कैद्यासाठी (खटला अजून न संपलेल्या कैद्यासाठी) याच संहितेचं कलम ४७९ वाचा: पहिल्यांदाच गुन्ह्यात आलेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश, इतरांनी निम्मा काळ काढला, की न्यायालयाकडे लेखी अर्ज करणं तुरुंग अधीक्षकाचं काम आहे. फाशी किंवा जन्मठेपेच्या गुन्ह्यांना, तसंच एकाहून अधिक खटले चालू असणाऱ्याला ही सवलत नाही.