छोट्या थिएटरात आपली शॉर्टफिल्म लावायचीय? मग आधी हे करा

ना-नफा तत्त्वावर चालणारी जी छोटी थिएटरं असतात ना, तिथे लोकल फिल्ममेकर्सना संधी मिळते हे खरं, पण बऱ्याच जणांचा समज असा की लिंक पाठवली की झालं. तसं नसतं. तिथला प्रोजेक्शनवाला बऱ्याचदा व्हॉलंटिअर असतो, दिवसभर नोकरी करून आलेला, त्याला तुमची फाईल दुरुस्त करत बसायला लावू नका.

आधी तिथे प्रेक्षक म्हणून दोन-चार वेळा जा. कसल्या फिल्म लावतात, लोक शेवटपर्यंत थांबतात का ते बघा आणि मग मेल करा. मेलमध्ये लांबी, भाषा, दोन ओळींत गोष्ट आणि पासवर्डवाली लिंक, बस. दिग्दर्शकाचं मनोगत कोणी वाचत नाही (मी पण नाही वाचत).

आता मेन गोष्ट, डीसीपी, म्हणजे डिजिटल सिनेमा पॅकेज, थिएटरात लावायच्या फिल्मच्या फाईल्सचा संच. थिएटरचा सर्व्हर (फिल्म चालवणारं मशीन) हाच फॉरमॅट खातो, आणि तो बनवायला पैसे लागत नाहीत, डीसीपी-ओ-मॅटिक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे. चित्राचे साइझ दोन, फ्लॅट म्हणजे १९९८ बाय १०८० पिक्सेल आणि त्याहून रुंदट स्कोप म्हणजे २०४८ बाय ८५८. आपण शूट करतो १९२० बाय १०८० ला, ते फ्लॅटमध्ये टाकलं की दोन्ही बाजूंना ३९-३९ पिक्सेलची काळी पट्टी राहते, ती राहू द्या, भरायला म्हणून झूम केलंत तर वरखालचं कापलं जाईल. फ्रेमरेट (सेकंदाला किती फ्रेम) शूटिंगच्या आधीच २४ ठरवा, २५ वर केलेलं काही सर्व्हरवर चालतं, काहींवर अडकतं. एन्क्रिप्शन, म्हणजे फाईलला डिजिटल कुलूप, अजिबात नको, ते उघडायच्या डिजिटल किल्लीची तारीख चुकली की फिल्म उघडतच नाही आणि हॉल भरलेला असतो. बिटरेट (सेकंदाला किती डेटा) फुल २५० एमबीपीएस, म्हणजे मेगाबिट, ठेवला तर मिनिटाला जवळजवळ २ जीबी होतात, त्या हिशोबाने ड्राइव्ह घ्या, आणि तो कुठल्या फॉरमॅटचा लागतो ते थिएटरला आधीच विचारा.

साउंडमध्ये मी स्वतः आपटलोय. हेडफोनवर स्टिरिओ मिक्स केला, मस्त वाटत होता, थिएटरात डाव्या कडेला बसलेल्यांना सगळे डायलॉग डाव्या स्पीकरमधूनच ऐकू आले आणि पंख्याची घरघर, जी घरी कधी जाणवलीच नव्हती, ती पूर्ण हॉलभर. तेव्हापासून डायलॉग सेंटर चॅनलला, म्हणजे मधल्या स्पीकरला टाकतो. सबटायटल पांढरे असतील तर काळी किनार द्या, नाहीतर पांढऱ्या शर्टवर गायब होतात.

गाण्याचे हक्क लेखी घ्या, मित्राने केलेलं असलं तरी. आणि एखाद्या फेस्टिव्हलला पाठवणार असाल तर त्यांना प्रीमियर, म्हणजे फिल्मचा पहिलाच शो, लागतो का ते आधी वाचा, इथे दाखवली की काही ठिकाणी दार बंद होतं.

शोच्या आधी टेस्टसाठी दहा मिनिटं मागा, बहुतेक वेळा देतात. सुरुवात बघू नका, सगळ्यात अंधाराचा सीन आणि सगळ्यात मोठा आवाज तेवढे लावा, एकदा मधे आणि एकदा शेवटच्या रांगेत कडेला बसून ऐका. फेडरचा (हॉलचा आवाज कमी-जास्त करायचं बटण) रेफरन्स, म्हणजे ठरलेला प्रमाण आकडा, ७ असतो पण बरीच थिएटरं त्याच्या खालीच ठेवतात, तेव्हा जो आकडा बरा वाटला तो कागदावर लिहून प्रोजेक्शनवाल्याच्या हातात द्या, तोंडी सांगितलेलं शोच्या गडबडीत विसरलं जातं.