मुलांना जंतूंबद्दल शिकवताय? या चुका टाळा

मुलगी चार वर्षांची होती. तिची मैत्रीण तापाने आजारी पडली, तर हिचा प्रश्न, "आई, तिने काय वाईट केलं म्हणून तिला जंतू चावले?" मी गप्पच झाले. "हात नाही धुतलेस तर जंतू पोटात जाऊन चावतील" हे रोज ऐकवणारी मीच होते. लहान मुलांना आजार ही शिक्षा वाटू शकते आणि आपल्या धाकाने तो समज पक्का होतो. वर जंतूंचं चित्र काढायचं ते दात विचकणाऱ्या राक्षसाचं. मग मूल राक्षस शोधतं, हातावर तो दिसत नाही, म्हणून हात स्वच्छ!

राक्षसाऐवजी वाट दाखवा. जंतूंना आपल्या घरी चालत यायचं नसतं, बहुतेक वेळा आपणच त्यांना उचलून नेतो. हातावरून डोळ्यांत, नाकात, तोंडात. हे सांगून कळत नाही, पण चमकीने कळतं. मुलाच्या एका तळव्याला थोडं क्रीम लावून वर चिमूटभर बारीक चमकी टाका आणि दहा मिनिटं नेहमीसारखं खेळू द्या (डोळे चोळणार नाही याकडे लक्ष ठेवा). मग दोघं मिळून चमकी शोधा. आमच्याकडे ती दाराच्या कडीवर, रिमोटवर, पाण्याच्या बाटलीवर आणि माझ्या कानामागे सापडली. कानामागे कशी गेली, हे मला अजून कळलेलं नाही. त्यानंतर नुसत्या पाण्याने हात धुवायला सांगा. चमकी हटत नाही. साबण लावून चोळल्यावर निघते, तरी आंगठ्याच्या बुडाशी आणि नखांच्या कडेला उरतेच. हात धुताना नेमक्या याच जागा सुटतात.

मिरपुडीचा प्रयोग अर्धवट सोडू नका

बशीत पाणी, वर मिरपूड, साबण लावलेलं बोट मध्ये बुडवलं की मिरपूड झर्रकन कडेला पळते. मुलं टाळ्या वाजवतात आणि आपण म्हणतो, "बघ, जंतू साबणाला घाबरले!" प्रयोग गमतीचा आहे, निष्कर्ष मात्र साफ चुकीचा. साबणामुळे पाण्याचा पृष्ठताण (वरच्या थराचा ताण) कमी होतो, म्हणून मिरपूड ओढली जाते. त्यात जंतूंचा काही संबंध नाही. मुलाच्या डोक्यात मात्र बसतं की साबणाचं बोट लागलं, काम झालं. पुढे आठवडाभर बेसिनपाशी दोन सेकंदांचं हात धुणं चालतं आणि आपण वैतागतो.

खरं काय होतं, तेही मुलांना समजतं. साबणाच्या कणाचं एक टोक तेलकट मळाला चिकटतं, दुसरं पाण्याला. चोळल्याने मळ आणि जंतू सुटतात आणि पाण्याबरोबर वाहून जातात. फ्लू आणि करोनासारख्या विषाणूंवर तर चरबीचं आवरण असतं, ते साबणाने फुटतं. म्हणून किमान 20 सेकंद चोळायचं. मुलाला आवडेल ते गाणं तेवढा वेळ पुरतं का, हे एकदा घड्याळ लावून बघा. आमचं गाणं बारा सेकंदांत संपत होतं.

तरीही हात नीट धुतले जात नसतील, तर आधी मुलाला दोष देऊ नका, बेसिन बघा. नळापर्यंत हात पोचत नसेल तर मूल फक्त बोटांची टोकं भिजवतं. पायाखाली स्टूल ठेवलं की निम्मी कटकट मिटते. पाणी गरमच हवं असं नाही. आणि हात कोरडे करायला विसरू नका, ओल्या हातांवरून जंतू सहज पसरतात.

"सारखे हात धू" हा हुकूम कुणीच पाळत नाही, मोठेसुद्धा. दोन वेळा पक्क्या करा: जेवणाआधी आणि शौचाला जाऊन आल्यावर. त्या अंगवळणी पडल्या की नाक शिंकरल्यावर, बाहेरून आल्यावर, प्राण्यांशी खेळल्यावर असं एकेक जोडत जा.

सॅनिटायझरवर सगळी मदार ठेवू नका. त्यात किमान 60 टक्के अल्कोहोल हवं. हात मळलेले असतील तर ते नीट काम करत नाही. उलट्या-जुलाब करणाऱ्या नोरोव्हायरसपुढे तर साबण-पाणीच बरं. बाटली लहान मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. पोटात गेलं तर ते विषारी आहे.

"तोंडावर हात ठेव"

ही आपल्याला लहानपणी शिकवलेली शिस्त, आणि तीच नडते. खोकला तळहातावर आणि पुढच्या क्षणी तोच हात मित्राच्या हातात. रुमाल किंवा टिश्यू, तो नसेल तर वाकवलेलं कोपर. टिश्यू वापरला की लगेच कचऱ्यात टाकायचा आणि हात धुवायचे. हे सांगून येत नाही. मी स्वतः तळहातावर खोकायचे, तोवर मुलगीही तेच करायची.

शेवटची चूक जास्त काळजी घेणाऱ्या घरांत होते. सगळे जंतू वाईट, असं ठसवलं की काही मुलं मातीत खेळायला, दुसऱ्याचा हात धरायलाही बिचकतात. आपल्या आतड्यांत असंख्य जीवाणू राहतात आणि पचनाला मदत करतात, हेही त्यांच्या कानावर घाला. मूल पुन्हा पुन्हा हात धूत असेल, कातडी लाल होऊन भेगा पडत असतील, तर धाकाची भाषा त्याच दिवशी बंद करा आणि डॉक्टरांशी बोला.